दगडाचे वय आणि भिंतीचे वय

एखादी जुनी दगडी वास्तू कोणी बांधली यावरून वाद सुरू झाला की ‘कार्बन चाचणी करा, म्हणजे एकदाचा निकाल लागेल’ असे कोणीतरी हमखास सुचवते. या चाचणीत मोजला जाणारा कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन एकेकाळी जिवंत असलेल्या किंवा हवेतून कार्बन शोषलेल्या पदार्थांचेच वय सांगतो, हे अशा वेळी सोयीस्कररीत्या विसरले जाते. ग्रॅनाइटचे वय दुसऱ्या पद्धतींनी काढता येते. पण ते कोट्यवधी वर्षांचे निघते आणि तो दगड भिंतीत कधी बसवला गेला याविषयी त्यातून काहीच कळत नाही. त्यामुळे भिंतीत अडकलेले, बांधकामाच्या वेळचेच असे काहीतरी शोधावे लागते.

माझ्या मते यातली सर्वांत सुंदर युक्ती चुन्याची आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पुढे दगडांमधल्या फटींत भरलेला चुना घट्ट होताना तोच वायू हवेतून पुन्हा शोषून घेतो, म्हणजे बांधकामाच्या काळातील हवाच भिंतीत साठून राहते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट येथे एक गोल दगडी मनोरा आहे. तो व्हायकिंगांनी, म्हणजे मध्ययुगातील उत्तर युरोपीय दर्यावर्दींनी बांधला, असे मानणारे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. गव्हर्नर बेनेडिक्ट आर्नोल्ड यांच्या १६७७ च्या मृत्युपत्रात ‘माझी दगडी पवनचक्की’ असा उल्लेख सापडतो, आणि १९९० च्या दशकात तपासलेल्या चुन्यानेही सतरावे शतकच दाखवले. अर्थात, चुन्यात न भाजलेले चुनखडीचे कण राहिले असतील, तर वय फुगते. म्हणून नमुना निवडण्यातच निम्मे कौशल्य खर्च होते.

जिथे चुनाच नाही तिथे काम अवघड होते. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात ग्रेट झिंबाब्वे हे जुने दगडी शहर आहे. त्याच्या भिंती नुसते ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांवर रचून उभ्या केल्या आहेत. कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने १८७१ मध्ये तिथल्या दारावरच्या लाकडाची तुलना आपल्या पेन्सिलीशी केली, ते लेबनॉनचे देवदार ठरवले आणि वास्तूचे श्रेय परक्यांना देऊन टाकले. (कालमापनाच्या इतिहासात पेन्सिलीचा एवढा गैरवापर क्वचितच झाला असेल.) पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकआयव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून ती आफ्रिकी लोकांचीच असल्याचे दाखवले, तरी वाद शमला नाही. १९५० मध्ये काढलेल्या लाकडाच्या नमुन्याचे वय साधारण सहाव्या-सातव्या शतकाचे आले, तेव्हा परकीय बांधकामाच्या समर्थकांना हुरूप आला. पण कार्बन चाचणीतून लाकडाचा तो भाग कधी वाढला, एवढेच कळते. दीर्घायुषी झाडाचा गाभा सालीपेक्षा कितीतरी जुना असतो आणि टिकाऊ तुळई पुन्हा वापरलीही जाते. आज ही वास्तू अकराव्या ते पंधराव्या शतकांतील तिथल्या शोना लोकांच्या पूर्वजांची मानली जाते.

पदार्थाचे वय तेच बांधकामाचे वय मानण्याची नेमकी हीच गफलत इंडोनेशियातील गुनुंग पडांग या टेकडीवरच्या प्राचीन दगडी स्थळाबाबत झाली. तेथील खोल थरांतील मातीच्या कार्बन चाचणीवरून बांधकाम १६,००० ते २७,००० वर्षांपूर्वीचे असल्याचा दावा करणारा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मार्च २०२४ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. माती तितकी जुनी असेलही, परंतु ज्या ठिकाणाहून ती घेतली तिथे मानवी हाताचा भरवशाचा पुरावा नव्हता.