गांजाचं गाणं आणि खांद्यावरचा थेंब

रविवार, रात्र

‘मर्डर अ‍ॅट द व्हॅनिटीज’ आज पुन्हा. मे १९३४चा, पॅरामाउंटचा चित्रपट. दिग्दर्शक मिचेल लायसन. पॅरामाउंटचा असूनही डीव्हीडीवर नाव युनिव्हर्सलचं, कारण पॅरामाउंटचे जुने बोलपट १९५८मध्ये एमसीए कंपनीनं एकगठ्ठा विकत घेतले आणि पुढे तीच कंपनी युनिव्हर्सलची मालक झाली. टीव्हीवर मध्यरात्री कधीतरी लागणारा हा ऐवज २००९मध्ये ‘प्री-कोड हॉलीवुड कलेक्शन’ (प्री-कोड म्हणजे सेन्सॉरची नियमावली सक्तीची होण्याआधीचे) या सहा चित्रपटांच्या संचातून लोकांच्या हाती आला. संचात सेन्सॉरच्या नियमावलीची छापील प्रतही आहे. आधी ती वाचावी, मग चित्रपट लावावा. मजा दुप्पट होते.

नियमावली १९३०ची. त्यात स्वच्छ लिहिलंय की अंमली पदार्थांचा व्यापार दाखवायचा नाही, नाचाच्या पोशाखात अंग उघडं टाकायचं नाही. स्टुडिओंनी ती चार वर्षं फडताळात ठेवली. ही नियमावली राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कचेरीचा शिक्का नसेल तर चित्रपट लागणार नाही, हे १ जुलै १९३४पासून सुरू झालं. म्हणजे हा चित्रपट दार बंद होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी निसटला.

गोष्ट एका रात्रीची. अर्ल कॅरलच्या ‘व्हॅनिटीज’चा पहिला प्रयोग चालू आहे आणि त्याच वेळी आत खून पडतोय. कॅरल खरा, ब्रॉडवेवरचे त्याचे नाचगाण्यांचे खेळही खरे. नायक कार्ल ब्रिसन, नायिका किटी कार्लाइल. दोघं गोड गातात, पण अभिनयात लाकडी, त्यामुळे चित्रपट खाऊन जाते ती जर्ट्रूड मायकेल. तपासाला आलेल्या व्हिक्टर मॅक्लॅग्लनचे डोळे पुराव्यापेक्षा कोरसच्या मुलींवर जास्त. प्रयोगाचा व्यवस्थापक झालेला जॅक ओकी त्याला सतत पटवत राहतो: प्रयोग थांबवू नका.

आता ते गाणं. मायकेल गांजाला आळवते, अगदी नाव घेऊन, प्रियकराला आळवावं तशी. मागे निवडुंगाची प्रचंड फुलं, फुलांत मुली. कमरेच्या वर वस्त्र नाही, जे काही झाकलंय ते हातांनी. गाणं मंद, कॅमेरा निवांत. आणि एका मुलीच्या उघड्या खांद्यावर वरून रक्ताचा थेंब पडतो. ती बघते, किंचाळते. वर, दिवे आणि पडदे टांगायच्या मचाणावर, प्रेत आहे. समोर बसलेल्या लोकांना त्यातलं काहीच कळत नाही. सगळ्या चित्रपटाची युक्ती या एका थेंबात आहे: गाणं आणि खून वेगवेगळ्या खोल्यांत नाहीत, एकाच छताखाली वर-खाली आहेत. इतर रहस्यपटांत गाणं लागलं की तपास थांबतो. इथे गाण्याच्या आडोशानंच पुढचं घडतं. म्हणून गाणी पळवत पाहणाऱ्याला शेवटी काही उमगत नाही.

संगीतकार लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीचा प्रवेशही तसाच. गोरा वाद्यवृंद गंभीरपणे वाजवतोय, त्यात जॅझवाला ड्यूक एलिंग्टन आणि त्याची कृष्णवर्णीय मंडळी घुसतात आणि लिस्टला झुलवायला लागतात. मग गोऱ्या वाद्यवृंदाचा चिडलेला संचालक मशीनगन घेऊन येतो आणि सगळ्यांना आडवं करतो. १९३४मध्ये ते विनोद म्हणून खपलं. आज कृष्णवर्णीय वादक-नर्तक असे कोसळताना पाहून हसू येत नाही. पण कान इथेच द्यावा. एलिंग्टन ऐन बहरात आहे, आणि त्या खोट्या गोळीबारात एक खरी गोळी आहे. पुढचं सांगत नाही.

त्या मानानं ‘कॉकटेल्स फॉर टू’ सोज्वळ वाटतं. पण तेही ताज्या बातमीवर बेतलेलं: अमेरिकेतली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ला उठली, आणि आता दोघांनी उघड बसून प्यायला हरकत नाही, एवढाच त्याचा आनंद.

पाहण्याबद्दल. डीव्हीडीला जगाच्या विभागाप्रमाणे कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात: अमेरिकी डीव्हीडी रीजन १ची, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. रीजनचं कुलूप काढलेला प्लेअर नसेल तर डिस्क चालणारच नाही. लांबी ८९ मिनिटं. पाल पद्धतीची (युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची) प्रत हाती आली तर सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी पळतात, चित्रपट साडेपंच्याऐंशी मिनिटांत आटोपतो आणि सूर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी लोंबकळतं. संगीतपटात हे सोसवत नाही, पेटी घेऊन पडताळता येईल.

चित्र जवळपास चौरस आहे. टीव्हीची सेटिंग ४:३ ठेवावी; पडदा भरायला ताणलं की मुली बुटक्या होतात आणि झूम केलं की वरचं मचाण कापलं जातं, म्हणजे नेमकं जिथे बघायचं तेच. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद, शार्पनेस खाली, नाहीतर फिल्मचे दाणे मुंग्यांसारखे वळवळतात. आवाज मोनो; सराउंड लावलं तर कोरस विहिरीतून गायल्यासारखा येतो. खरखर थोडी राहू द्यावी. ती घालवायला वरचे सूर छाटले की एलिंग्टनच्या झांजा पहिल्यांदा जातात.