श्रीरामपूर कॉलेज : हावड्याहून हुगळीकाठी

हे श्रीरामपूर बंगालमधलं. (आपल्या श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे, तेव्हा तिकिटात घोळ नको.) हावड्याहून बंडेल किंवा बर्धमान मेन लोकल पकडा, साधारण अर्धा तास. पाटीवर ‘कॉर्ड’ दिसलं तर चढू नका. ती बालीनंतर डानकुणीकडे वळते. स्टेशनबाहेर टोटो (ई-रिक्षा) मिळते. सियालदहकडून यायचं तर बराकपूरला उतरून धोबी घाटावरून होडीने नदी ओलांडा; मला हीच वाट जास्त आवडते.

१८१८ चं कॉलेज, उंच आयोनिक खांब, समोर हुगळी. इंग्रज मिशनरी विल्यम केरी इथल्या संस्थापकांपैकी एक. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच गावी छापलं गेलं, १८१० चा कोश तर चक्क मोडी टाइपात! रविवार टाळा, कॉलेजला सुट्टी असते.