जुन्या पीसी गेमचा बॉक्स घेताना: कागद, की आणि कुलूप

जुना पीसी गेम बॉक्ससकट घ्यायचा झाला की मी डिस्कच्या आधी कागदांचे फोटो मागतो. मॅन्युअलची मागची बाजू, सीडीच्या डबीची पाठ, आत घडी घालून ठेवलेला नकाशा किंवा तक्ता. थोडे ओरखडे असलेली डिस्क बऱ्याचदा वाचली जाते. की, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकावा लागणारा छापील क्रमांक, हरवली असेल तर मात्र कोरी करकरीत डिस्कही इन्स्टॉलरच्या पहिल्या एक-दोन खिडक्यांतच थांबते. की दाखवू नका, नुसतं स्टिकर आहे एवढं दिसू द्या, असं मी विक्रेत्याला मुद्दाम सांगतो.

बॉक्समधला कागद म्हणजे शोभेची वस्तू, हा समज चुकीचा आहे. नक्कल करून खेळता येऊ नये म्हणून गेम त्यातली माहिती विचारायचा; हेच त्याचं कुलूप. १९८९च्या सिमसिटीबरोबर गडद लाल कागदावर छापलेले संकेत यायचे. झेरॉक्स काढली की पान काळं. १९९०च्या मंकी आयलंडमध्ये पुठ्ठ्याची चकती होती. समुद्री चाच्याच्या चेहऱ्याचे दोन अर्धे जुळवायचे आणि खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं. अशा मूळ बॉक्समध्ये चकती नसेल, तर गेम अपुराच मिळाला म्हणायचा.

१९९८च्या स्टारक्राफ्टची १३ अंकी की सीडीच्या डबीच्या मागे चिकटवलेली असते. डबी तडकली म्हणून कुणी बदलली, तर तिच्याबरोबर की कचऱ्यात जाते. म्हणून इथे मूळ डबी बघायचीच. खेळताना सीडी आत लागायचीच, हे या गेमचं दुसरं कुलूप. ते काढण्याची सोय कंपनीनेच २००८मध्ये १.१५.२ या पॅचमध्ये (सुधारणेच्या फाइलमध्ये) दिली. त्याचं काम असं होतं: गेम इन्स्टॉल करून पॅच बसवायचा. सीडी 'ओपन' करून तिच्यातली इन्स्टॉल.ईएक्सई ही फाइल गेमच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि तिला स्टारक्राफ्ट.एमपीक्यू असं नाव द्यायचं, अर्थात इंग्रजीत. ब्रूड वॉर या त्याच्या पुरवणी गेमच्या सीडीवरची त्याच नावाची फाइल ब्रूडवॉर.एमपीक्यू होते. दोन्ही सीडींवर फाइलचं नाव एकच असल्याने पहिलीचं नाव बदलल्याशिवाय दुसरी कॉपी करू नये. दुसरी अडचण नेहमीची: विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं टिंबानंतरचं शेपूट) लपवतं, त्यामुळे आपण लिहिलेलं नाव प्रत्यक्षात स्टारक्राफ्ट.एमपीक्यू.ईएक्सई होतं आणि गेम सीडी मागतच राहतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये एक्स्टेन्शन दाखवा, मगच नाव बदला.

खरी डोकेदुखी सेफडिस्कची, म्हणजे सीडीची नक्कल रोखणाऱ्या कुलपाची. एज ऑफ एम्पायर्स २च्या १९९९च्या सीडीवर ०००००००१.टीएमपी ही फाइल दिसली, की ओळखायचं. या डिस्कवर काही सेक्टर (माहितीचे छोटे कप्पे) मुद्दाम बिघडवलेले असतात, म्हणून साधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) काढताना एका पट्ट्यात ओळीने चुका येतात. तो ओरखडा नव्हे, कुलूपच आहे. पॉलिश करायला जाऊ नका. खेळ सुरू होताना सेकड्रव्ह.सिस हा ड्रायव्हर डिस्क खरी आहे का ते तपासतो. तो थेट विंडोजच्या गाभ्यात चालायचा, आणि २००७मध्ये त्यात सुरक्षेची भेग सापडली. विंडोज १०मध्ये तो चालतच नाही. व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१वर सप्टेंबर २०१५च्या केबी३०८६२५५ या अपडेटने तो बंद केला. मग सीडी आत असूनही गेम सीडी मागतो किंवा डबल क्लिकवर काहीच होत नाही. कम्पॅटिबिलिटी मोडने यात काही फरक पडत नाही.

विंडोज ७ असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'एससी कॉन्फिग सेकड्रव्ह स्टार्ट= डिमांड' आणि मग 'एससी स्टार्ट सेकड्रव्ह' या आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यायच्या. बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडायचीच, नाहीतर आज्ञा घेतली जात नाही. खेळून झालं की 'एससी स्टॉप सेकड्रव्ह'. माझी पसंती मात्र इंटरनेट न जोडलेल्या जुन्या ३२ बिट एक्सपी मशीनला आहे. तिथे १६ बिट इन्स्टॉलरही चालतात, जे ६४ बिट विंडोज नाकारतं.

आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) कायदेशीर प्रत असणाऱ्याला प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं. पण कुठून तरी आणलेली क्रॅक केलेली ईएक्सई ही बॅकअप नाही, आणि त्यातून काय शिरेल याचा भरवसा नाही.

२००७-०८नंतरच्या बॉक्सवर 'ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन आवश्यक' ही बारीक ओळ शोधा. म्हणजे गेम इंटरनेटवरून कंपनीकडे नोंदवल्याशिवाय चालत नाही. स्पोर हा गेम २००८मध्ये सिक्युरॉम या कुलपाच्या ३ अ‍ॅक्टिव्हेशनसह आला. ओरड झाल्यावर ती ५ झाली. अशा गेममध्ये कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी वापरलेलं अ‍ॅक्टिव्हेशन रद्द करून परत द्यायचं. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाची की तर एकाच खात्याला जोडली जाते. वापरलेल्या कीचा बॉक्स फक्त नकाशा आणि मॅन्युअलसाठी घ्यायचा, त्याच हिशोबाने पैसे द्यायचे.

घरी आणल्यावर कीचा फोटो काढून तो दोन ठिकाणी ठेवतो, कारण स्टिकरवरची शाई फिकी पडते. नकाशाच्या फाटलेल्या घडीला सेलोटेप लावत नाही. ती पिवळी पडून कागद खाते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मॅन्युअलला बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी बॉक्स झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या दरवर्षी बदलायच्या.