आमची वाटचाल : कुरण, वैरण आणि घरची माणसे

वडिलांनी हा व्यवसाय सुरू केला तो गुरे पाळण्यासाठी; वैरण विकण्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. कुरणातले गवत आणि लसूणघास आधी आपल्या गाईंना, उरलाच तर इतरांना, असा त्यांचा साधा हिशेब होता. पुढे कळप आटोपशीर ठेवून वाळलेल्या लसूणघासाचे गठ्ठे दुग्धव्यावसायिकांना विकण्याचा निर्णय मी आणि माझ्या भावाने घेतला. आज आमचे बरेचसे उत्पन्न त्यातूनच येते, आणि घरात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाने या कामात काहीतरी भर घातली, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

वैरणीच्या धंद्यात खरी कसोटी ओलाव्याची असते. साधारण 10 टक्के फुलोरा दिसला की लसूणघास कापावा लागतो, कारण त्यानंतर काड्या जाड होतात आणि पोषण घटते. कापलेला चारा पुरेसा वाळला नाही, तर गठ्ठा आतून तापतो, त्याला बुरशी लागते आणि प्रसंगी तो आपोआप पेटही घेतो. उलट फार वाळला, तर ज्या पानांत बहुतेक प्रथिने असतात ती पानेच चुरा होऊन रानात पडतात. म्हणून ओळी उलटण्याचे काम आम्ही पहाटे, पानांवर थोडे दव असतानाच उरकतो आणि ओलावा 15 ते 18 टक्क्यांपर्यंत उतरला की गठ्ठे बांधायला घेतो. मोठे गठ्ठे त्याहूनही कोरडे असावे लागतात. वडील अजूनही काडी हातात घेऊन अंगठ्याच्या नखाने खरवडतात. साल सुटून आली तर ‘अजून थांबा’ एवढेच सांगतात. वहिनी घरात आल्या त्या हिशेबाचे शिक्षण घेऊन. ओलावा मोजण्याचे यंत्र त्यांच्याच आग्रहाने आले आणि प्रत्येक गंजीची स्वतंत्र नोंदही त्यांनीच सुरू केली. पहिले सहा आठवडे गंजीत लांब तापमापक खुपसून पाहिला जातो आणि पारा 65 अंश सेल्सिअसकडे सरकू लागला, तर रोज लक्ष ठेवले जाते. ग्राहक आमच्याकडे टिकले ते या नोंदींमुळे, असे माझे ठाम मत आहे.

गुरांचे वेळापत्रकही कापणीशी जुळवून घेतलेले आहे. गाईचा गाभणकाळ सरासरी 283 दिवसांचा असल्याने वळू कळपात केव्हा सोडायचा हे मागे मोजून ठरवतो, म्हणजे पहिल्या कापणीपूर्वी बहुतेक गाई विलेल्या असतात. वासराला पहिल्या काही तासांतच चीक मिळायला हवा, कारण त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची क्षमता दिवसभरात संपते. अशा वेळी निम्मी माणसे शेतात अडकलेली असून चालत नाही.

यंदाच्या हंगामात घरात दोन आनंदाच्या गोष्टी घडल्या. दुसऱ्या कापणीच्या ऐन धामधुमीत भाच्याला मुलगी झाली. तो आणि सूनबाई दवाखान्यात असताना बाकीच्यांनी त्यांचे काम वाटून घेतले आणि वडिलांनी पणतीचे तोंड पाहिल्यावरच त्या दिवशी शेतात पाऊल टाकले. दुसरी गोष्ट म्हणजे माझी धाकटी भाची कृषी पदवी पूर्ण करून पूर्णवेळ व्यवसायात आली. गठ्ठे बांधायला केव्हा सुरुवात करायची हा निर्णय आजवर वडील आणि भाऊ घेत असत. या हंगामापासून तो तिच्याकडे सोपवला आहे. तिने पहिल्याच आठवड्यात, आभाळ भरून आलेले असतानाही, एक संपूर्ण शेत आणखी एक दिवस वाळू दिले. पाऊस बाजूने गेला आणि माल हिरवागार, पानांसकट हाती आला. पण पाऊस आला असता तरी तिचा निर्णय योग्यच होता, कारण ओला गठ्ठा कोठारात नेणे आम्हाला मान्य नाही.

पुढच्या हंगामापूर्वी बाजू मोकळ्या असलेले नवे छप्पर उभारायचे आहे. त्याचा आराखडा भाची करते आहे आणि खर्चाचा ताळेबंद वहिनींकडे आहे.