पहिली रशर

सामना संपायला दोनेक मिनिटं राहिली होती, आम्ही एका गोलने पुढे होतो, आणि पंचांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नर दिला, म्हणजे समोरच्या संघाला गोलवर मारायची ठरलेली संधी. पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, मुलींचा शालेय हॉकी सामना, आणि मी कोच. आमची नेहमीची पहिली रशर, म्हणजे कॉर्नर अडवायला सगळ्यांत पुढे धावणारी, घोटा मुरगळल्यामुळे माझ्या शेजारी बर्फ लावून बसलेली. कॉर्नर दिला की तो संपेपर्यंत बदली खेळाडू आत पाठवता येत नाही. आत जी आहेत त्यांच्यातूनच कुणीतरी धावायचं.

खेळत होते तेव्हा ही जागा माझीच असायची. खडकीत मुरमाच्या मैदानावर शिकले, खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागले, आणि कॉर्नर आला की गोलरेषेवरून सगळ्यांत आधी मी सुटायचे. समोरच्या संघाने चेंडू आत ढकलला की निघायचं ते थेट फ्लिक मारणारीच्या, म्हणजे चेंडू स्टिकने ओढून गोलवर भिरकावणारीच्या, अंगावर. एक बाजू आपण बंद करायची, दुसरी गोलकीपरने सांभाळायची. पुरुषांच्या वरच्या पातळीवर ड्रॅगफ्लिक ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व सामन्यात भारताचा पहिला रशर अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, बंदीमुळे तो उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध खेळू शकला नाही आणि आपण 3-2 असे हरलो. हरण्याची कारणं आणखीही असतील, पण मी तो सामना पाहिला तो त्याच्या रिकाम्या जागेकडे बघतच.

आमच्या वेळी रशरला चेहऱ्याचे मास्क नव्हते. मांडीवर, बरगडीवर चेंडू बसायचे, डाग महिनाभर जायचे नाहीत. त्याची धास्ती मला कधी वाटली नाही. पतियाळाचा कोर्स करून कोच झाले आणि धास्ती वाटायला लागली, कारण आता मी दुसऱ्याच्या मुलीला धाडत होते.

कॉर्नरच्या तयारीला चाळीस सेकंद असतात. मी ओरडले, "कोण जातंय?" आमच्या लेफ्ट हाफने हात वर केला. संघात सगळ्यांत बुटकी, पण पाय विलक्षण चपळ. तिची आई माझ्या मागे स्टँडमध्ये बसली होती. मास्कच्या पट्ट्यात तिची वेणी अडकली, गोलकीपरने ग्लोव्ह काढून ती सोडवली. मी म्हणाले, "जा. स्टिक खाली, मान वर."

ती वेळेवर सुटली. चेंडू तिच्या नडगीवर बसला. गार्ड असूनही तो आवाज बेंचपर्यंत आला. पाच मीटरच्या आत गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर, हा नियम. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला असता तर फ्री हिट आमची होती.

ती लंगडत गोलरेषेकडे परत गेली. मी दुसरीला पुढे ये म्हणून खूण केली. तिने मान हलवली, "ताई, मीच." माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिला अडवणं माझ्या हातात होतं. मी अडवलं नाही.

दुसऱ्या वेळी ती इतकी झपाट्याने पुढे आली की फ्लिक मारणारीने मारलंच नाही, बाजूला पास दिला. तो आमच्या सेंटर हाफने अडवला आणि लांब मारला. पुढचा वेळ आम्ही कोपऱ्यात चेंडू धरून काढला. जिंकलो.

मुली नाचत होत्या तेव्हा तिची आई खाली आली. मुलीचा मोजा खाली सरकवून तिने निळा पडलेला डाग पाहिला आणि मला विचारलं, "दुसऱ्यांदा पण तुम्हीच पाठवलंत?"

"हो. मीच पाठवलं."

ती पुढे काही बोलली नाही. बर्फाची पिशवी मागून घेतली आणि मुलीचा पाय मांडीवर घेऊन बसली.

सोमवारपासून सरावाची पद्धत बदलली. आता गोलकीपर सोडून सगळ्याच जणी पहिली रशर म्हणून धावायला शिकतात. आधी टेनिसच्या चेंडूवर, मग अर्ध्या जोराच्या फ्लिकवर, आणि खरा चेंडू अंगावर कसा घ्यायचा हे कळल्यावरच पूर्ण जोरावर. प्रत्येकीला नीट बसणारा मास्क हवा म्हणून पालकांची बैठक घेतली. पहिले पैसे त्याच आईने काढले, आणि गुडघ्याचे पॅड चांगले कुठे मिळतात तेही विचारून गेली.