लाँचरला सुट्टी, गेम चालू

मे महिन्यात भाचा तासगावहून आला की आधी माझा जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर निघतो. आय थ्री, 4 जीबी रॅम, विंडोज 7, बॅटरी कधीच गेलीय त्यामुळं चार्जर लावूनच बसायचं, पण चालतो. यंदा त्यानं लाँचर, म्हणजे ज्यातनं विकत घेतलेले गेम सुरू करतात ते ॲप, उघडला आणि आम्ही दोघं नुसते बघत बसलो, आधी अपडेट, मग लॉगिन, मग पांढरी विंडो आणि त्यात फिरणारं चक्र. "मामा, अजून फिरालंयच की हे." टास्क मॅनेजर बघितला तर गेम सुरू व्हायच्या आधीच लाँचरनं बरीच रॅम खाल्लेली, आणि शेवटी काय तर मेसेज, तुमच्या विंडोजवर आता हे चालणार नाही.

गेम त्याच लॅपटॉपवर आधी व्यवस्थित चालत होता, पैसे दिलेत, फायली हार्डडिस्कवर पडून आहेत, अडलंय फक्त लाँचरवर. याचा मला मनापासून राग येतो. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, आम्ही मिरजेत मावशीकडं, नेट बंद, पोरं कंटाळलेली, तेव्हाही असंच "इंटरनेट जोडा" म्हणून अडलं होतं.

मग आठवलं, हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3 हा गेम मी जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलाय. हे दुकान पोलंडच्या सीडी प्रोजेक्टवाल्यांनी 2008 मध्ये सुरू केलं, तिथल्या गेमला डीआरएमचं, म्हणजे कॉपी रोखणारं, कुलूप नसतं आणि त्यांचा गॅलेक्सी लाँचर टाकला नाही तरी चालतं. खात्यात जाऊन आपल्या गेमखाली ऑफलाइन इन्स्टॉलर असतो तो उतरवायचा. मी दादाच्या नव्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हवर घेतला, इकडं डबल क्लिक, नेक्स्ट नेक्स्ट, झालं, लॉगिन नाही की काही नाही. एक सांगतो, मोठ्या गेमला सेटअपबरोबर .bin नावाच्या फायली पण येतात, त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मागं एकदा मी नुसता सेटअप कॉपी करून आणला आणि इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं, परत दादाच्या घरी हेलपाटा.

स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातल्या पण सगळ्याच गेमना कुलूप नसतं, ते लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. स्टीमॲप्समधल्या कॉमन फोल्डरमध्ये जाऊन गेमची ईएक्सई फाइल थेट चालवून बघा, काही सरळ सुरू होतात, काही लगेच लाँचरला हाक मारतात. ज्या चालतात त्यांचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या कॉपीच्या, नादाला मात्र लागू नका, व्हायरस येतात आणि बनवणाऱ्याच्या कष्टाचे पैसे पण बुडतात. आणि लाँचर नसला की सेव्ह क्लाउडवर जात नाहीत, तेवढा सेव्हचा फोल्डर अधूनमधून आपणच कॉपी करायचा.

हीरोज 1999 चा गेम, त्यात हॉटसीट आहे, म्हणजे एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं खेळायचं. भाच्याची पाळी असली की मी तोंड फिरवून बसायचं असा त्याचा नियम. काल त्यानं माझा वाडा घेतला, बाहेर पाऊस, लाइट गेली आणि बॅटरी नसल्यामुळं लॅपटॉप पण बंद. लाइट आल्यावर आयकॉनवर डबल क्लिक केलं, ऑटोसेव्ह तसाच होता. "मामा, तिकडं तोंड कर," म्हणाला.