एकार्ड विमर म्हटलं की सगळे २००२ वरच थांबतात

एकार्ड विमर या विषाणूशास्त्रज्ञाचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं, "तेच ना, ज्यांनी लॅबमध्ये पोलिओचा विषाणू बनवला?" हो तेच. २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो पेपर आला, चेल्लो, पॉल आणि विमर अशी तीन नावं, आणि त्यावर जो गदारोळ झाला तोही समजण्यासारखा होता. पण त्यांचे पेपर सालवारीने लावून वाचले ना तर मला तरी त्यातला सगळ्यात भारी पेपर हा वाटत नाही, तो मान १९९१ चा. का ते सांगते.

आधी १९७७. पोलिओचा जीनोम म्हणजे आरएनएचा एकच धागा, जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा, आणि त्याच्या एका टोकाला एक चिमुकलं प्रोटीन चिकटलेलं असतं, २२ अमिनो आम्लांचं, व्हीपीजी नावाचं. विमर यांच्या गटाने ते दाखवलं. आता ते तिथे बसून करतं काय? याचं पक्कं उत्तर यायला १९९८ उजाडलं! त्यांच्याच लॅबने शुद्ध केलेलं पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं विषाणूचं एन्झाइम, घेऊन दाखवलं की आरएनएची नवी प्रत सुरू करायला जो आधार लागतो तो हेच प्रोटीन, पहिली अक्षरं त्याच्यावरच जोडली जातात. एकवीस वर्षं एका प्रश्नामागे. तीन वर्षांत रिझल्ट दाखवा म्हणणाऱ्या ग्रँटवाल्यांनी जरा बघावं हे.

१९८१ मध्ये जीनोमचा पूर्ण क्रम वाचून झाला, एकीकडे विमर यांचा गट आणि दुसरीकडे डेव्हिड बाल्टिमोर यांच्याकडे तेव्हा पोस्टडॉक असलेले व्हिन्सेंट राकानिएलो. त्याच वर्षी राकानिएलो-बाल्टिमोर जोडीने जीनोमची डीएनए प्रत पेशींत सोडली आणि त्यातून चक्क जिवंत विषाणू बाहेर आला. म्हणजे डीएनएवरून पोलिओ परत मिळवता येतो हे तेव्हाच कळलं होतं, २००२ ची निम्मी गोष्ट इथेच झालेली.

उरलेली निम्मी १९९१ मध्ये. विषाणू वाढायला जिवंत पेशी लागते हे तोवर सगळे धरूनच चालायचे. मोल्ला, पॉल आणि विमर यांनी हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या पेशी) फोडल्या, केंद्रकं काढली, मायटोकॉन्ड्रिया काढले, आणि उरलेल्या रसात पोलिओचा नुसता आरएनए टाकला. तर काय, आरएनएवरून ते एक लांबच लांब प्रोटीन बनलं, विषाणूच्याच एन्झाइमांनी ते कापून तुकडे केले, आरएनएच्या नव्या प्रती निघाल्या, कवचं जुळली, आणि ट्यूबमधून जे मिळालं त्याने ताज्या पेशींना व्यवस्थित लागण केली. एकही अख्खी पेशी नसताना! शिवाय या लोकांनी विषाणूचं रासायनिक सूत्रच लिहून टाकलं, कार्बनचे ३,३२,६५२ अणू, हायड्रोजनचे ४,९२,३८८, मग नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस, आणि गंधकाचे २,३४०. थोडी मिजास आहे त्यात, पण मला आवडली.

मग २००२ मध्ये नवीन काय? क्रम हाताशी होताच. त्यावरून डीएनएचे छोटे तुकडे, सरासरी ६९ अक्षरांचे, ऑर्डर देऊन मागवले, जोडत जोडत पूर्ण प्रत केली, त्यावरून आरएनए काढला आणि तो टाकला कशात तर १९९१ च्याच त्या पेशींच्या रसात. बनवलेला विषाणू ओळखू यावा म्हणून मुद्दाम काही अक्षरं बदलून ठेवली होती आणि उंदरांमध्ये तो मूळ विषाणूपेक्षा हजार ते दहा हजार पट सौम्य निघाला, हा तपशील गदारोळात मागेच पडतो. मात्र एक गोष्ट तेव्हा खरंच बदलली. जगातल्या सगळ्या फ्रीजरमधून पोलिओ नष्ट केला तरी क्रम माहीत आहे तोवर तो परत बनवता येणार, हे आता कुणाला नाकारता येईना.

आणि मग २००८. सेबिनच्या तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीतल्या टाइप ३ विषाणूचा सौम्यपणा मोजक्याच बदलांवर उभा आहे आणि त्यातला ४७२ व्या जागेवरचा बदल लस घेतलेल्याच्या आतड्यात पटकन उलटतो, ही जुनी डोकेदुखी. विमर यांच्या गटाने प्रोटीनं आहेत तशीच ठेवली, फक्त ती लिहिणारे कोडॉन, म्हणजे एकेक अमिनो आम्ल सांगणारे तीन अक्षरी शब्द (एकाच आम्लाला असे बरेचदा अनेक शब्द असतात), असे शेजारी-शेजारी बसवले की त्या जोड्या पेशीला नकोशा असतात. असे शेकडो बदल. विषाणू लुळा पडला, इतके सगळे उलटायचे म्हणजे त्याला अवघड, आणि उंदरांना त्यापासून संरक्षणही मिळालं. अख्खा जीनोम हवा तसा लिहून घेता येत नसता तर हे जमलंच नसतं, त्यामुळे २००२ च्या पेपरचे मी कापलेले थोडे मार्क इथे परत देते.